एचआयव्हीबाधितातला काळा आजार: कोणत्या तपासणीवर किती भिस्त ठेवावी?

दोन आठवडे न हटणारा ताप, घटलेलं वजन, वाढलेली पानथरी आणि त्यात एचआयव्ही. काळा आजार (काला-आजार), म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा लेशमॅनिया परजीवीचा आजार. त्याच्या पट्ट्यातला असा रुग्ण आला की आधी आरके-३९ रॅपिड टेस्ट होते, आणि ती व्हावीच. बोटातलं थेंबभर रक्त, दहा-वीस मिनिटांत निकाल, वीजही लागत नाही.

अडचण अशी की ही पट्टी परजीवी शोधत नाही, त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही नष्ट करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, घसरल्या की अँटिबॉडी पुरेशा तयार होत नाहीत. आजार अंगात मुरलेला असतो, तरी दुसरी रेघ उमटत नाही. पूर्व आफ्रिकेत तर एचआयव्ही नसलेल्यांतही ही टेस्ट भारतीय उपखंडातल्याइतकी भरवशाची नाही. म्हणून लक्षणं जुळत असतील आणि हा आजार आधी झालेला नसेल, तर पॉझिटिव्ह निकाल मानावा. निगेटिव्हवर मात्र रुग्णाला घरी पाठवू नये.

डीएटी (डायरेक्ट अ‍ॅग्लुटिनेशन टेस्ट) हीसुद्धा अँटिबॉडीचीच तपासणी, पण एचआयव्हीबाधितांत तिच्यातून कमी रुग्ण निसटतात. तिला प्रयोगशाळा आणि सरावाची नजर लागते, निकाल दुसऱ्या दिवशी मिळतो. सोय असेल तर दोन्ही कराव्यात. आजार उलटल्याची शंका असेल तर मात्र दोन्ही निरुपयोगी, कारण बरं झाल्यावरही अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात. आणि एचआयव्हीत हा आजार वारंवार उलटतो.

मग परजीवीच पाहावा लागतो. पानथरीतून सुईने काढलेल्या नमुन्यात तो ९३ ते ९९ टक्के रुग्णांत सापडतो, बोन मॅरोत (हाडातल्या मगजात) ५३ ते ८६ टक्के. आकडे पानथरीच्या बाजूचे असले तरी मी बोन मॅरोकडे झुकेन. पानथरीतून जीवघेणा रक्तस्राव क्वचितच होतो, पण होतो. आणि या रुग्णांच्या प्लेटलेट अनेकदा आधीच उतरलेल्या असतात. शिवाय प्रतिकारशक्ती ढासळली की परजीवींची संख्या वाढते, त्यामुळे मॅरोतही ते सापडण्याची शक्यता वाढते. स्लाइड वाचताना घाई नको. लंबगोल कणात केंद्रक आणि शेजारी छोटी दांडी, म्हणजे कायनेटोप्लास्ट, अशी जोडी दिसलीच पाहिजे. एचआयव्हीत आढळणारी हिस्टोप्लाझ्मा बुरशीही पेशीत अशीच दिसते, तिला ही दांडी नसते.

रक्ताचं पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी, मिळत असेल तर खोल सुई टाळता येते. मात्र लक्षणं नसलेल्यांतही ते पॉझिटिव्ह येऊ शकतं.

एचआयव्हीबाधितांतल्या चागासमध्येही (लॅटिन अमेरिकेतला एक परजीवी आजार) असंच आहे: अँटिबॉडी जुना संसर्ग सांगतात, तो उसळला की रक्तात किंवा पाठीच्या पाण्यात परजीवी शोधावा लागतो. चागासची मेंदूतली गाठ तर टोक्सोप्लाझ्मोसिस या दुसऱ्या परजीवी आजारातल्या गाठीसारखीच दिसते. स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या जंताच्या अळ्या शौचात रोज पडत नाहीत. स्टिरॉइड सुरू करायचे असतील तर एकाच नमुन्यावर थांबू नका, कारण त्या औषधाने हा संसर्ग अंगभर पसरून जीव जाऊ शकतो.