गिटारसाठी स्प्रिंग रिव्हर्ब घरी बांधायचाय: व्हॉल्व्ह, ऑप-अ‍ॅम्प की ब्रिक?

इलेक्ट्रिक गिटारला स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे ताणलेल्या स्प्रिंगांतून येणारा, विरत जाणारा घुमारा, हवा आणि तो स्वतःच्या हाताने बांधायचा, असं ठरलं की समोर तीन वाटा येतात. फेंडरने १९६१ साली काढलेल्या ६जी१५ या व्हॉल्व्हवाल्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) रिव्हर्ब पेटीची नक्कल करायची, खरा स्प्रिंग टँक (स्प्रिंगा बसवलेला डबा) आणून तो सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपवर, म्हणजे ऑप-अ‍ॅम्पवर चालवायचा, किंवा बेल्टन कंपनीची डिजिटल ब्रिक, म्हणजे तयार रिव्हर्बचा ठोकळा, पेडलच्या डब्यात बसवून मोकळं व्हायचं. तिन्हींचे आराखडे सहज मिळतात आणि तिन्ही चालतात. पण आवाज, धोका, खर्च आणि सुटे भाग मिळण्यातली अडचण या सगळ्यांत त्यांचं इतकं वेगळं आहे की निवड पक्की झाल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये. माझा कौल आधीच सांगतो: पहिल्यांदा बांधताय तर लांब टँक आणि ऑप-अ‍ॅम्प. कारणं पुढे येतीलच.

आधी टँकमध्ये काय चालतं ते बघू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. बाहेरून तो पत्र्याचा उघडा डबा दिसतो. आत दुसरी हलकी चौकट छोट्या स्प्रिंगांवर लोंबत असते आणि तिच्यात मुख्य स्प्रिंगा ताणलेल्या असतात. प्रत्येक स्प्रिंगच्या टोकाला अगदी बारीक लोहचुंबक असतो आणि तो कॉइलच्या गाभ्याच्या फटीत बसवलेला असतो. कॉइलमधून सिग्नल गेला की चुंबक किंचित पिळला जातो. तो पीळ साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत दुसऱ्या टोकाला पोहोचतो आणि तिथल्या कॉइलमध्ये जेमतेम काही मिलिव्होल्ट उमटतात. लाट मागे फिरते, पुन्हा येते, असं करत विरत जाते. शिवाय स्प्रिंगमधून सगळे सूर एका वेगाने जात नाहीत. साधारण चार हजार हर्ट्‌झपर्यंत उंच सूर खालच्या सुरांच्या मागे पडत जातात. म्हणून तळहाताने तारा दाबून जोरात प्लेक्ट्रम मारला की तो एक आघात पसरतो आणि ओलसर, टपटपणारा आवाज येतो. सर्फ गिटार वाजवणारे त्याला ड्रिप म्हणतात. हा ड्रिप तुम्हाला किती हवाय, यावरच अर्धी निवड होते.

टँकवरचा कोड

हॅमंड ऑर्गनसाठी तयार झालेला आणि पुढे अ‍ॅक्युट्रॉनिक्सच्या नावाने जगभर गेलेला हा टँक आजही जवळजवळ त्याच रूपात मिळतो. इतर कंपन्याही तेच माप आणि तीच कोडपद्धत पाळतात. फेंडरच्या अ‍ॅम्पमध्ये सर्रास दिसणारा कोड ४एबी३सी१बी. यातला ४ म्हणजे लांब, दोन स्प्रिंगांचा टँक, सुमारे ४२५ मिलिमीटर. त्याच लांबीत तीन स्प्रिंगा हव्या असतील तर ९. आखूड, २३५ मिलिमीटरचा आणि तीन स्प्रिंगांचा हवा असेल तर ८. पुढचं अक्षर इनपुट कॉइलचं: ए म्हणजे ८ ओहम, ई म्हणजे लांब दोन-स्प्रिंगी टँकमध्ये ६०० ओहम. तिसरं अक्षर आउटपुट कॉइलचं. मग विरण्याचा काळ: १ आखूड, २ मध्यम, ३ लांब. त्यानंतरच्या अक्षरावरून कळतं की कुठला सॉकेट डब्याच्या पत्र्याला जोडलेला आहे आणि कुठला वेगळा ठेवलेला. सी असेल तर इनपुट वेगळं आणि आउटपुट पत्र्याला. शेवटचं अक्षर टँक कसा बसवायचा ते सांगतं. बी म्हणजे आडवा, उघडी बाजू खाली.

चार आणि नऊ यांत मी चार घेईन. तीन स्प्रिंगांचा टँक जास्त दाट आणि गुळगुळीत वाजतो, हळव्या कॉर्डना तो शोभतो. पण गिटारच्या फटक्याला दोन स्प्रिंगांत जो ठसका येतो तो त्यात पातळ होतो. आखूड टँक जागा नसेल तेव्हाच घ्यावा. त्याचा आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो आणि कितीही चांगलं सर्किट लावलं तरी तो गुण जात नाही.

ऑप-अ‍ॅम्प: खरा प्रश्न व्होल्टेजचा

मुंबईच्या लेमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत टँक सोडून या वाटेचं सगळं सामान होतं: टीएल०७२ आणि एनई५५३२ या चिप, १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, ७८१५ आणि ७९१५ हे व्होल्टेज रेग्युलेटर, पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), सॉकेट, डबा. टँक मात्र बहुधा बाहेरून मागवावा लागतो आणि डब्याच्या आकारामुळे त्याचं टपालच भारी पडतं. म्हणून कोड चुकवू नका.

बांधताना लोकांची फसगत ड्राइव्हरच्या, म्हणजे टँकची इनपुट कॉइल चालवणाऱ्या टप्प्याच्या, जागी होते. इनपुट कॉइल म्हणजे इंडक्टर. कोडमधले ६०० ओहम हे १ किलोहर्ट्‌झला मोजलेले आहेत. ५ किलोहर्ट्‌झला तीच कॉइल ३००० ओहमच्या आसपास जाते. साध्या व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायरने ती चालवली तर उंच सुरांना करंट कमी पडतो आणि रिव्हर्ब घोंगडीखालून आल्यासारखा मंद ऐकू येतो. उपाय सोपा आहे: टँकचं इनपुट ऑप-अ‍ॅम्पच्या फीडबॅकमध्ये घ्यायचं आणि इनव्हर्टिंग पायापासून ग्राउंडला एक रेझिस्टर लावायचा. आता कॉइलमधून जाणारा करंट तो रेझिस्टर ठरवतो, कॉइलचे ओहम कितीही वाढोत. या जोडणीत कॉइलचं एकही टोक ग्राउंडला नसतं, म्हणून इनपुट पत्र्यापासून वेगळं असलेला टँकच हवा, म्हणजे कोडमध्ये सी. अक्षर बघितलं नाही तर सगळं बरोबर जोडूनही सर्किट चालत नाही.

आता हिशोब करू. ६०० ओहमच्या कॉइलला पूर्ण ताकदीने हलवायला सुमारे ३ मिलिअ‍ॅम्पिअर लागतात. ५ किलोहर्ट्‌झला ३००० ओहम गुणिले ३ मिलिअ‍ॅम्पिअर म्हणजे ९ व्होल्ट आरएमएस, शिखर धरलं तर १३ च्या जवळ. प्लस-मायनस १५ व्होल्टवर टीएल०७२ इतकं जेमतेम देतो. पेडलच्या ९ व्होल्टवर तो देऊच शकत नाही, म्हणून ९ व्होल्टवर ६०० ओहमचा टँक चालवणारे आराखडे कागदावर देखणे आणि कानाला अशक्त असतात. प्लस-मायनस १५ चा पुरवठा बांधायचा कंटाळा करू नका.

८ ओहमच्या टँकचं गणित उलटं आहे. त्याला व्होल्ट थोडे, पण करंट सुमारे २८ मिलिअ‍ॅम्पिअर लागतो. टीएल०७२ च्या ते आवाक्याबाहेर. त्यासाठी मागे ट्रान्झिस्टरची जोडी किंवा एलएम३८६ सारखा छोटा पॉवर अ‍ॅम्प लावावा लागतो. म्हणजे जुन्या फेंडरचा टँक स्वस्तात मिळाला म्हणून तो ऑप-अ‍ॅम्पच्या आराखड्यात तसाच घालता येत नाही.

ड्राइव्हरच्या आधी खालचे सूर छाटा. फेंडरच्या अ‍ॅम्पमध्ये या जागी ५०० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर आणि १ मेगओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे सव्वातीनशे हर्ट्‌झच्या खालचं उतरत जातं. जाड तारांचा घुमारा स्प्रिंगमध्ये गेला की सगळा रिव्हर्ब गढूळ होतो, हे एकदा ऐकलं की त्या इवल्याशा कॅपॅसिटरची किंमत कळते. टँकच्या पलीकडे मिळणाऱ्या काही मिलिव्होल्टना शंभराच्या आसपास गेन, म्हणजे तितके पट वाढ, लागते. तिथे एनई५५३२ लावा, कारण या टप्प्यावरची सळसळ थेट स्पीकरपर्यंत जाते.

व्हॉल्व्ह: मोह खरा, धोकाही खरा

६जी१५ अ‍ॅम्पच्या आधी लागते, गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये. तिच्यावर ड्वेल, मिक्स आणि टोन अशी तीन बटणं. ड्वेल म्हणजे स्प्रिंगला किती जोरात ढकलायचं ते. १९६३ पासून फेंडरने अ‍ॅम्पच्या आतच रिव्हर्ब दिला तेव्हा ड्वेल वगळलं, आणि त्या काळचा दक्षिण कॅलिफोर्नियातला सर्फ आवाज वेगळ्या पेटीतूनच का हवा, याचं मोठं कारण तेच. आत ६के६ हा पॉवर व्हॉल्व्ह ट्रान्सफॉर्मरमधून ८ ओहमचा टँक चालवतो. ड्वेल वाढवलं की तो व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग दोन्ही घुसमटू लागतात, आणि त्या घुसमटीतून येणारा टपकता, ओरबाडणारा आवाज ऑप-अ‍ॅम्पच्या सर्किटमध्ये पुरता मिळत नाही. जवळपास मिळतो. सर्फ हेच तुमचं सर्वस्व असेल तर जवळपासवर समाधान होणार नाही, हे मी मान्य करतो.

सामानाचं मात्र बघा. ६के६ च्या जागी ६व्ही६ बसतो, पाय तेच आहेत. हीटरला किंचित जास्त करंट लागतो, एवढं ट्रान्सफॉर्मर निवडताना धरा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून निघू शकतो. पुण्याच्या जुन्या बाजारात असे रेडिओ अजून दिसतात, भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्हही क्वचित हाती लागतात. पण यू अक्षराने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हचा रेडिओ असेल, यूएल८४ वगैरे, तर त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चेसिस थेट विजेच्या तारेला जोडलेली असू शकते. त्यातून ट्रान्सफॉर्मर काढा, पण तो रेडिओ उघडा ठेवून चालू करू नका.

उच्च व्होल्टेजसाठी बरेच जण २३० ते १२ व्होल्टचे दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडतात. त्यातून रेक्टिफायरनंतर ३०० व्होल्टच्या आसपास डीसी मिळतो. युक्ती उत्तम आहे आणि मेनपासून विलगीकरणही राहतं. तरी ३०० व्होल्ट डीसी माणूस मारू शकतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये तो साठलेला असतो. तो साठा आपोआप रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर कायमचा लावा, मीटरने शून्य बघितल्याशिवाय आत हात घालू नका, चेसिसला तीन पिनी अर्थिंग द्या. तुम्ही आधी व्हॉल्व्हचं काही बांधलं नसेल, शेजारी बसून बघणारा जाणकार नसेल, तर ही वाट सध्या सोडून द्या, असं मी काळजीनेच सांगतो.

ब्रिक

बेल्टनची बीटीडीआर-२एच म्हणजे छोटा सीलबंद ठोकळा, आत तीन पीटी२३९९ चिप. हीच चिप कराओकेच्या एको प्लेटवरही दिसते, पण एकट्या चिपमधून एको निघतो; रिव्हर्बची दाटी तिघांच्या गुंतागुंतीतून येते. ७८०५ लावून ५ व्होल्ट द्यायचे, आगेमागे एक ऑप-अ‍ॅम्प, की एका रविवारात पेडल तयार. आखूड, मध्यम आणि लांब अशा विरण्याच्या काळाप्रमाणे प्रकार मिळतात. आवाज गोड आहे. ड्रिप मात्र विसरा, कारण ढकलायला आत स्प्रिंगच नाही.

तरीही एका माणसाने ब्रिकच घ्यावी: गणेशोत्सवात आणि लग्नात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने. स्टेज फळ्यांचा असतो, शेजारी ढोलकी-ऑक्टोपॅड आणि मोठे बेस स्पीकर असतात, कुणाचा पाय जोरात पडला तरी खरा टँक गडगडतो. टेम्पोतला प्रवास स्प्रिंगांना मानवत नाही तो वेगळाच. ब्रिकला यातलं काही होत नाही.

चौथी वाटही काही जण सुचवतात: बाजारातली कुठलीही लांब स्प्रिंग, एका टोकाला छोटा स्पीकर, दुसऱ्याला कंपन टिपणारी पिझो चकती. शिकायला आणि विचित्र आवाज काढायला ती मजेची आहे. रोजच्या वादनासाठी तिच्यावर विसंबू नका. पिझोचा आवाज कर्कश असतो, आणि स्पीकर स्प्रिंगला पिळत नाही, नुसता ढकलतो.

तर घरी वाजवणाऱ्याने, रेकॉर्डिंग करणाऱ्याने, ब्लूज, जुनी हिंदी गाणी किंवा स्वच्छ आवाजाचं काहीही वाजवणाऱ्याने ४ई मालिकेतला, मध्यम विरण्याचा, सी जोडणीचा टँक मागवावा आणि तो येईपर्यंत प्लस-मायनस १५ चा पुरवठा आणि टँकच्या आधीचा व नंतरचा असे दोन्ही टप्पे बांधून तपासून ठेवावेत. ड्राइव्हरच्या करंटचा रेझिस्टर पॉटने बदलता ठेवला तर ड्वेलची थोडी चवही मिळते.

टँक आला की लगेच स्क्रू आवळू नका. आउटपुट कॉइल ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र झेलते आणि ५० हर्ट्‌झची घूं चालू होते. ती कुठलाही फिल्टर नीट काढत नाही. लांब तारांवर टँक मोकळा ठेवा, अ‍ॅम्प चालू करा, मिक्स पूर्ण वाढवा आणि टँक हातात धरून हळूहळू फिरवा, सरकवा. आउटपुटचं टोक ट्रान्सफॉर्मरपासून सगळ्यांत लांब असताना एका कोनात घूं एकदम खाली बसते. त्या जागी पेन्सिलने खूण करा आणि मग भोकं पाडून टँक रबरी बुशांवर बसवा.