बॉयलर बदलायचाय: गॅस कॉम्बी की हीट पंप?

मावसभाऊ इंग्लंडातच असतो, त्याचा बॉयलर आता शेवटच्या घटका मोजतोय. परवा फोनवर म्हणाला, दादा, परत गॅसचाच टाकू, की तुझ्यासारखा हीट पंप? म्हणून लिहितोय, ब्रोशर बाजूला ठेव. कॉम्बी म्हणजे घर गरम करणारा आणि नळ उघडताच पाणी तापवणारा, टाकी न लागणारा गॅस बॉयलर; हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र.

बसवायचा खर्च: कॉम्बी दोन-तीन हजार पौंडात, एक-दोन दिवसात काम उरकतं. पंप दहा हजारांच्या वर जातो, त्यातले 7,500 सरकारी ग्रँटमधून सुटतात, पण घरात आठवडाभर राडा.

बिल: खरी मेख इथेच आहे. वीज गॅसच्या साधारण चौपट महाग, त्यामुळे पंपाने एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता दिली तर बिल थोडं जास्तच येतं, चार दिली तर वाचतं. आणि हे ठरतं रेडिएटरमधल्या पाण्यावर, 45 डिग्रीला पंप खूश, 60 ला नेला की मीटर पळतं, म्हणून तर मोठे रेडिएटर लावतात. आम्ही पहिल्या हिवाळ्यात बॉयलरसारखं सकाळ-संध्याकाळ चालू-बंद करत बसलो आणि बिल बघून डोळे पांढरे झाले! आता दिवसभर मंद चालू असतो.

जागा: पंपाला गरम पाण्याची टाकी लागतेच, आमचं लोणच्याच्या बरण्यांचं कपाट तिनेच खाल्लं. थंडीत बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो, मग तो वितळवताना भसकन वाफ येते, आईला वाटलं पेटलंच.

छोटा फ्लॅट, किंवा दोन वर्षांत घर विकणार असशील तर कॉम्बी. स्वतःचं घर, लॉफ्टला इन्सुलेशन (उष्णता अडवणारं अस्तर), दिवसभर कोणीतरी घरी असेल तर पंप. तुझ्याकडे मावशी असतेच, तू पंपच घे, फक्त आधी खोलीवार हीट लॉस, म्हणजे कुठल्या खोलीतून किती उष्णता बाहेर जाते, ते काढून घे.