पंचवीस पिनांचं डोकं, सहा शेपट्या

माझ्या जुन्या ॲम्पला मागे फाइव्ह पॉइंट वनसाठी (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे सहा चॅनल) २५ पिनांचा एकच डी-कनेक्टर आहे. डीव्हीडी-ऑडिओ प्लेअरला मात्र सहा सुटे आरसीए (प्रत्येक चॅनलला एक गोल सॉकेट), आणि एचडीएमआय दोघांनाही नाही. तयार केबल मिळेना, म्हणून ती बनवून घ्यायला मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठला.

जिन्याखालचं टपरीएवढं दुकान. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, प्रिंटरची केबल ना?" त्याचं चुकलं नाही, जुन्या प्रिंटरच्या केबललाही हेच तोंड असायचं. पण ती कापून भागत नाही. इथे प्रत्येक चॅनलच्या वायरीला आपलं शील्ड (खरखर अडवणारं जाळीचं कवच) लागतं, शिवाय कुठल्या पिनवर कुठला चॅनल हे कंपनीगणिक बदलतं. मी मॅन्युअलच्या पानाची झेरॉक्स नेली होती. आतल्या मालकांनी ती निरखून विचारलं, "ग्राउंड सगळ्यांचे वेगळे ना?" तिथेच ऑर्डर दिली.

मला जाड, महागडी वायर हवी होती. ते म्हणाले, "सहा जाड वायरी कनेक्टरच्या या टोपीत मावणार नाहीत. दीड मीटरला बारीकच घ्या." आपणहून स्वस्तातला माल गळ्यात मारणारा दुकानदार या रस्त्यावर मला पहिल्यांदाच भेटला! साडेतेराशे रुपये, दोन दिवस.

काम बघत राहावं असं. टोपी उघडून पाहिली (राहवत नाही): सोल्डर चकचकीत, कुठे गोळा नाही, प्रत्येक पिनवर स्लीव्ह.

घरी येऊन लावली, तर संवाद सबवूफरमधून! हिरॉईन माठात तोंड घालून बोलतेय असं वाटत होतं. सेंटर आणि सब उलटे. खरं तर प्लेअरमागचे दोन आरसीए प्लग अदलून-बदलून लावले की काम झालं असतं, पण प्लगांवरची लेबलं चुकीची राहिली असती आणि साडेतेराशे दिल्यावर मी ते का सोसू? डोंबिवलीहून पुन्हा फेरी. मालकांनी हुज्जत न घालता वीस मिनिटांत दोन टोकं फिरवून दिली, पैसे घेतले नाहीत. अर्धा दिवस मात्र माझा गेला.

तेव्हा तिथे जाच, पण दुकान सोडण्याआधी मल्टिमीटरवर बाराही जोड समोर वाजवून घ्या: सहा सिग्नल, सहा ग्राउंड. स्पीकरमधली 'हूं' अशी घरघर म्हणाल तर अजिबात नाही, आवाज पूर्ण वर नेला तरी.

लेबलं कागदी टेपवर बॉलपेनने लिहिलेली, आठवड्यात पुसट झाली. आता प्लगांवर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके आहेत. लाल म्हणजे सब.