लंडनजवळ हीथवर एकच राउंड: सनिंगडेल, वॉल्टन हीथ की रॉयल अ‍ॅशडाउन?

मुलांकडे लंडनला येताना बॅगेत गोल्फचे बूट टाकणारे पुण्या-मुंबईचे बरेच जण असतात. एक दिवस मोकळा मिळतो. स्कॉटलंड लांब पडतं, मग खेळायचं कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे: हीथवर, म्हणजे वाळूच्या रानमाळावर. कुठल्या हीथवर, ते मात्र तुमच्या खेळावर आणि खिशावर अवलंबून आहे. लंडनहून सहज जाऊन येता येतील असे तीन ओल्ड कोर्स इथे शेजारी शेजारी ठेवून पाहतो: सनिंगडेल, वॉल्टन हीथ आणि रॉयल अ‍ॅशडाउन फॉरेस्ट.

हीथ म्हणजे शेतीला निरुपयोगी ठरलेली वाळूची, आम्लधर्मी जमीन. शेकडो वर्षं तिथे गुरं-मेंढ्या चरल्या, लोकांनी सरपण नेलं, त्यामुळे रान माजलं नाही. उगवलं ते जांभळं हीदर, पिवळं काटेरी गॉर्स, अधूनमधून पाइन आणि बर्च. नांगराला नको असलेली हीच जमीन गोल्फला मानवली, कारण वाळूत पाणी थांबत नाही. लंडनच्या काही वकिलांनी १८९३मध्ये वोकिंगला क्लब काढला आणि पुढच्या वीसेक वर्षांत या पट्ट्यात एकाहून एक सरस कोर्स उभे राहिले. दुर्दैवाने १८००पासून इंग्लंडमधली बहुतेक सखल हीथ शेती, घरं आणि लावलेल्या जंगलांखाली गेली. जी उरली आहे, तिच्यातली काही गोल्फ क्लबांनी राखली. जुनी पाइनची झाडं तोडून हीदरला पुन्हा ऊन मिळवून देण्याचं काम अनेक क्लब करतात, आणि ते मला मनापासून पटतं.

आपल्याकडून येणाऱ्याला पहिला फरक जाणवतो तो पायाखाली. आपल्या हरळीच्या फेअरवेवर (खेळायच्या कापलेल्या गवतपट्टीवर) चेंडू गवताच्या टोकांवर अलगद बसतो, त्याच्याखाली क्लब, म्हणजे खेळायची काठी, घालायला जागा मिळते. इथे फेस्क्यू आणि बेंट जातीचं बारीक, आखूड गवत असतं. चेंडू जवळजवळ जमिनीलाच टेकलेला असतो. कोरड्या उन्हाळ्यात तो पडल्यावर लांब घरंगळतो. म्हणून थेट झेंड्यावर उंच फटका मारण्यापेक्षा ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अलीकडे टाकून चेंडू चालवत नेणं शहाणपणाचं.

दुसरा फरक हीदरचा. दिसायला मऊ, पण आत काटक्यांची घट्ट जाळी. क्लब त्यात शिरला की फांद्या त्याच्या मानेला आवळतात, क्लबचं तोंड मिटतं आणि चेंडू डावीकडे वळतो किंवा हलतच नाही. तिथे लांबच्या फटक्याचा मोह नको. वेज (चेंडू उंच उडवणारी छोटी काठी) काढा आणि सगळ्यात जवळचा फेअरवे गाठा.

सनिंगडेलचा ओल्ड विली पार्क ज्युनियरने आखला, १९०१मध्ये खुला झाला. क्लबचे पहिले सेक्रेटरी होते हॅरी कोल्ट. पुढे त्यांनीच शेजारचा न्यू कोर्स १९२३मध्ये केला. तिघांत सर्वांत देखणा हाच. दहाव्या टीवरून (होल सुरू होतो त्या जागेवरून) खाली पसरलेला फेअरवे पाहिला की माणूस जरा थांबतोच. १९२६मध्ये ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीत अमेरिकन दिग्गज बॉबी जोन्सने इथे ६६ फटक्यांत राउंड केला: पहिल्या नऊ होलना ३३, नंतरच्या नऊंना ३३, आणि त्यात ग्रीनवरचे पट (putt) ३३. महत्त्वाचं म्हणजे हा कोर्स सामान्य खेळाडूला छळत नाही. तिसरा, नववा, अकरावा हे छोटे पार-४ (चार फटक्यांत पुरे व्हावेत असे होल) डोक्याने खेळणाऱ्याला संधी देतात. सुरुवातही उदार आहे: २००४च्या महिला ब्रिटिश ओपनमध्ये कॅरन स्टपल्सने शेवटच्या दिवशी पहिल्या होलला ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) आणि दुसऱ्याला अल्बाट्रॉस (तीन कमी) केला आणि स्पर्धा जिंकली. दहाव्या ग्रीनमागच्या टपरीत सॉसेज सँडविच खाण्याची रीत आहे. वॉटर्लूहून थेट रेल्वे, आणि स्टेशनवरून चालत जाता येतं. अडचण पैशांची. ग्रीन फी (पाहुण्याने एका राउंडला भरायचे पैसे) अ‍ॅशडाउनच्या दुपटीहून जास्त, आणि शनिवार-रविवार सभासदांचे.

वॉल्टन हीथ वेगळ्याच स्वभावाचं आहे. सरेमधल्या उंच पठारावर, वाऱ्याला आडोसा नाही, झाडी कमी. हर्बर्ट फाउलरने आखलेला ओल्ड कोर्स १९०४मध्ये खुला झाला तेव्हा व्हार्डन, टेलर आणि ब्रेड हे तिघे दिग्गज तिथे खेळले. जेम्स ब्रेड तर पुढे १९५०पर्यंत तिथलाच प्रोफेशनल होता. युरोप-अमेरिका संघांमधला १९८१चा रायडर कप इथेच झाला. २०२३ची महिला ओपनही इथली: लिलिया वू जिंकली आणि आपली दीक्षा डागर संयुक्त एकविसावी आली. मागच्या टीवरून कोर्स ७,००० यार्डांहून लांब. बंकर (वाळूचे खड्डे) खोल, त्यांच्या कडांवर हीदर. शेवटचे तीन होल स्कोअरकार्ड बिघडवू शकतात, आणि अठराव्या ग्रीनच्या अलीकडे आडवा पसरलेला बंकर थकलेल्या फटक्याची वाटच बघत असतो. ज्याचा ड्राइव्ह सरळ आणि भरवशाचा आहे त्याने इथेच जावं. वीसच्या पुढे हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) असेल तर हीदरमध्ये चेंडू शोधण्यातच दिवस जाईल.

रॉयल अ‍ॅशडाउन फॉरेस्ट, पूर्व ससेक्समध्ये फॉरेस्ट रो गावाजवळ, १८८८चा क्लब. इथल्या ओल्ड कोर्सवर वाळूचा एकही बंकर नाही. फॉरेस्टची मोकळी जमीन कॉन्झर्व्हेटर मंडळाच्या देखरेखीखाली येते, तिच्यात खणाखणीला वाव नाही. त्यामुळे कोर्सने आहे तो उतार, आहे तो ओढा, आहे ते हीदर वापरलं. बंकर नसल्याचं कुठेही जाणवत नाही. सहावा होल पाहा: जेमतेम सव्वाशे यार्डांचा पार-३, ग्रीनभोवती पाणी आणि खळगे, छोट्या क्लबने खेळायचा हा फटका भल्याभल्यांना घाम फोडतो. गावातल्या कामकरी लोकांचा कँटेलुप क्लबही याच कोर्सवर वाढला. त्यातून घडलेल्या एब मिचेलची मूर्ती आज रायडर कपच्या करंडकावर उभी आहे. चढउतार मात्र भरपूर आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर आधी विचार करा, कारण या पट्ट्यात गोल्फ म्हणजे चालणंच. रेल्वेने ईस्ट ग्रिनस्टेडला उतरून पुढे टॅक्सी घ्यावी लागते.

माझा कौल अ‍ॅशडाउनला. पहिल्यांदाच हीथ बघणाऱ्याला हीथ काय असते ते इथेच सर्वांत स्वच्छ दिसतं, आणि फीमुळे दडपण येत नाही. दोन दिवस मिळाले तर आधी अ‍ॅशडाउन, मग सनिंगडेल: पहिल्या दिवशी घरंगळणाऱ्या चेंडूचा अंदाज येतो, तो दुसऱ्या दिवशी कामाला येतो. वॉल्टन हीथ सिंगल फिगर, म्हणजे दहाच्या आतल्या, हँडिकॅपवाल्यांसाठी.

हीदर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलतं, जमेल तर तेव्हाच या. हिवाळ्यातही वाळूमुळे कोर्स कोरडे राहतात, पण कडक गारठ्यात सकाळी ग्रीन बंद असू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करा. येताना क्लबचं हँडिकॅप प्रमाणपत्र आणा. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममुळे आपल्याकडचा हँडिकॅप इंडेक्स इथेही चालतो. आणि मागच्या टीचा आग्रह धरू नका.