अवे मॅचला निघताय? आधी तिकिटाचा मालक कोण ते बघा

‘मित्र आजारी पडलाय, शनिवारच्या अवे मॅचचं एक तिकीट उरलंय. नफा नकोय, छापील ३० पौंडच द्या. फक्त खऱ्या फॅनलाच देणार.’

इंग्लंडमधल्या फुटबॉल फॅन ग्रुपांवर सीझनभर फिरणारा हा मेसेज. अवे मॅच म्हणजे आपल्या क्लबची दुसऱ्याच्या मैदानावरची मॅच. यातलं एकेक वाक्य मोजूनमापून लिहिलेलं असतं. ३० पौंडच का? प्रीमियर लीगने २०१६-१७ पासून पाहुण्या समर्थकांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि अवेला जाणाऱ्या प्रत्येकाला तो आकडा पाठ आहे. कुणी २०० मागितले की माणूस बिचकतो. ३० म्हटलं की विकणारा आपल्यातलाच वाटतो. आणि ‘खऱ्या फॅनलाच’ या शब्दांनी तर डावच उलटतो. खरं म्हणजे परीक्षा आपण त्याची घ्यायची, पण तोच आपली घ्यायला लागतो: याआधी कुठल्या मॅचेसना गेलात, मेंबर आहात का, कुणाबरोबर जाता. उत्तरं देण्याच्या भरात पैसे कधी पाठवले ते कळतही नाही. तोच स्क्रीनशॉट वीस जणांना विकला की त्याचे ६०० पौंड झाले. आपलं नुकसान मात्र ३० वर थांबत नाही. त्यात प्रवास, हॉटेल आणि एक रजा मिळवायची.

हा धंदा अवे मॅचलाच इतका का चालतो, ते कोट्यात दडलेलं आहे. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटं मिळतात. मैदानाची क्षमता ३०,००० पेक्षा कमी असेल तर क्षमतेच्या १० टक्के. एफए कप या इंग्लंडच्या नॉकआउट स्पर्धेत १५ टक्क्यांपर्यंत, युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांमध्ये जेमतेम ५ टक्के. मोठ्या क्लबकडे अवेला जायला तयार असलेले लोक याच्या कित्येक पट असतात. म्हणून क्लब लॉयल्टी पॉइंट्सवर वाटप करतो: आधीच्या जितक्या अवे मॅचेस खात्यावर जमा, तितका नंबर वर. वर्षानुवर्षं पॉइंट्स जमवलेल्या माणसाला जायला जमलं नाही, तर तो तिकीट क्लबकडे परत देतो किंवा क्लबने परवानगी दिलेल्या पद्धतीने ओळखीच्या मेंबरच्या खात्यावर चढवतो. अनोळखी माणसाला ग्रुपवर शोधत बसायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. एवढं एक ध्यानात ठेवलं तरी निम्मे मेसेज आपोआप गळून पडतात.

आता फाटकावर नेमकं काय होतं ते बघा. बऱ्याच मोठ्या मैदानांवर तिकीट म्हणजे फोनच्या वॉलेटमधला पास असतो. फोन रीडरजवळ नेला की दोघांत एनएफसीने (जवळच्या जवळ चालणाऱ्या बिनतारी संपर्काने) बोलणं होतं, हिरवा दिवा लागतो आणि फाटक फिरतं. या पासचा स्क्रीनशॉट म्हणजे नुसतं चित्र. रीडर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. युएफाच्या मोबाइल तिकिटात आणखी एक गाठ आहे: क्यूआर कोड मैदानाजवळ पोचल्यावर ब्लूटूथने चालू होतो, त्याआधी दिसतच नाही. तेव्हा मॅचच्या चार दिवस आधी कुणी ‘हा घ्या क्यूआर’ म्हणून फोटो पाठवला, तर पुढचं बोलणं तिथंच थांबवा. खालच्या डिव्हिजनमध्ये काही ठिकाणी कागदी किंवा पीडीएफ तिकीट अजून चालतं, आणि तिथली फसवणूक वेगळी असते. बारकोड अस्सल, फक्त तो सात जणांकडे असतो. पहिला येईल तो आत. उरलेल्या सहांना स्टुअर्ड, म्हणजे मैदानावरचा कर्मचारी, हातातलं यंत्र दाखवतो: ‘हे तिकीट ६ वाजून ४० मिनिटांनी वापरलं गेलंय.’ त्या यंत्राशी वाद घालून काही मिळत नाही.

तिकीट अस्सल असूनही फसायला होतं, हा प्रकार परदेशातून एखादी मॅच बघायला आलेल्यांच्या वाट्याला जास्त येतो. दलाल सीझन कार्डवाल्यांची, म्हणजे अख्ख्या सीझनचं तिकीट असणाऱ्यांची, खाती वापरतात. मैदानाजवळच्या कॉफीच्या दुकानात तुमच्या हातात एक जुना फोन ठेवला जातो, त्यात पास. मॅच संपली की फोन परत करायचा, तोवर तुमचं डिपॉझिट त्यांच्याकडे. क्लबला संशय आला की खातं दुपारीच बंद होतं आणि फोनमधला पास मरतो. दलाल डिपॉझिटसकट गायब. दुसरी गोष्ट, इंग्लंड आणि वेल्समध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्टच्या कलम १६६ नुसार गुन्हा आहे, छापील किमतीला विकलं तरी. नाटकाच्या किंवा मैफलीच्या तिकिटाला हा नियम नाही, त्यामुळे ‘सगळीकडे असंच चालतं’ हे उत्तर इथं लागू पडत नाही. गुन्हा विकणाऱ्याचा, जागा मात्र जाते विकत घेणाऱ्याची. आणि ‘न्यूट्रल सीट’ म्हणून विकलेली जागा बहुतेक वेळा यजमानांच्या स्टँडमधली असते. पाहुण्या क्लबचा गोल झाल्यावर तिथं टाळी वाजवलीत तर स्टुअर्ड बाहेर काढणार, आणि ते नियमाला धरूनच असतं.

तिकिटापेक्षा मोठी रक्कम जाते ती बसमध्ये. लंडन ते न्यूकॅसल घ्या. रात्री आठची मॅच दहाच्या सुमारास सुटते आणि त्यानंतर लंडनला परतायला ट्रेन नसते. म्हणून कुणीतरी ‘आपण कोच करतोय’, म्हणजे भाड्याची बस ठरवतोय, असं जाहीर करतं. समजा ४९ सीट, प्रत्येकी ४० पौंड: १,९६० पौंड एका माणसाच्या खात्यात. मॅचच्या आदल्या दिवशी ‘बस बंद पडली, दुसरी बघतोय’ असा मेसेज येतो आणि मग फोन लागत नाही.

इथं एक सोपं गणित उपयोगी पडतं. अंतर साधारण ४५० किलोमीटर. कोचला ताशी १०० किलोमीटरचा लिमिटर (वेग रोखणारं यंत्र) असतो, म्हणजे प्रत्यक्षात साडेपाच तास धरा. जाऊन-येऊन अकरा. एका ड्रायव्हरला दिवसाला ९ तास गाडी चालवायची मुभा आहे, आठवड्यातून दोनदा १०. दर साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि २४ तासांत सलग ९ तासांची विश्रांती तरी हवीच, म्हणजे ड्युटी १५ तासांपलीकडे ताणता येत नाही. दुपारी बाराला निघून पहाटे साडेचारला परत, हे साडेसोळा तास झाले. म्हणजे दोन ड्रायव्हर लागणार, आणि दोघांचे पैसे भाड्यात दिसायला हवेत. ‘ड्रायव्हर किती?’ एवढंच विचारा. ‘एकच, जुना माणूस आहे, सांभाळून घेतो’ असं उत्तर आलं, तर एकतर बस ठरलेलीच नाही किंवा ठरली असेल तर तिच्यात बसू नये.

बस समोर उभी असेल तर काचेवरची डिस्क बघा. ब्रिटनमध्ये भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला ऑपरेटरची डिस्क लावावी लागते. निळी असेल तर देशांतर्गत वाहतूक, हिरवी असेल तर परदेशातही नेता येतं, नारिंगी म्हणजे मर्यादित परवाना. नारिंगीवर जास्तीत जास्त १६ प्रवाशांच्या छोट्या गाड्या चालतात; ४९ सीटच्या कोचवर ती दिसली तर काहीतरी गडबड आहे. निळ्या डिस्कची बस तुम्हाला युरोपात अवेला नेणार असेल, तर ती बंदरावर अडकायचा धोका आहे. ऑपरेटरांची यादी सरकारी संकेतस्थळावर खुली असते. आयोजकाकडून ऑपरेटरचं नाव घ्या, पण नंबर त्याच्याकडून घेऊ नका. नंबर स्वतः शोधा, फोन करा, आणि अमुक तारखेचं बुकिंग आहे का एवढं विचारा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ४९ पैकी एकानं केलं तरी पुरतं.

जाता जाता: ‘बसमध्ये बिअर फ्री’ ही जाहिरातच आयोजक कच्चा असल्याची खूण आहे. १९८५ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये ठरावीक फुटबॉल मॅचेसना जाणाऱ्या कोचमध्ये दारू नेता येत नाही. ऑपरेटरचा परवाना पणाला लागत असल्याने अस्सल ऑपरेटर असलं काही कबूल करत नाही.

युरोपातल्या मॅचेसना रकमा मोठ्या आणि घाई त्याहून मोठी. ड्रॉ, म्हणजे कुणाची मॅच कुणाशी हे ठरवणारी सोडत, झाल्यावर तासाभरात विमानांचे भाव चढतात, आणि त्याच तासात ‘विमान + हॉटेल + तिकीट’ अशी पॅकेजेस येतात. तारीख कायम होण्याआधीच ती विकली जातात, हा पहिला धोका. ब्रिटनमध्ये विमानासकट पॅकेज विकणाऱ्याकडे अ‍ॅटॉल हा ग्राहकाच्या पैशांचं संरक्षण करणारा परवाना लागतो. पैसे भरताच सर्टिफिकेट मिळायला हवं आणि त्यावरचा नंबर नागरी विमान प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पॅकेजमधलं तिकीट कुठल्या स्टँडचं, हे लेखी घ्या. चॅम्पियन्स लीगच्या अवे तिकिटाला २०२५-२६ साठी ५० युरोंची मर्यादा आहे. पॅकेजमध्ये ‘अवे एंड’ (पाहुण्या समर्थकांची बाजू) लिहून तिकिटाचे ३०० युरो लावले असतील, तर ते तिकीट क्लबकडून आलेलं नाही. इटलीत तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि फाटकावर ओळखपत्राशी ताडून बघतात, तेव्हा दुसऱ्याच्या नावाचं तिकीट तिथं रद्दीच.

राहण्याच्या बाबतीत एकच जाळं सध्या जोरात आहे. खऱ्या हॉटेलच्या खात्यात चोर घुसतो आणि बुकिंगच्या अ‍ॅपमधूनच मेसेज पाठवतो: ‘कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर बुकिंग रद्द.’ मेसेज अधिकृत जागेतून आलेला, बुकिंग नंबर बरोबर, फक्त लिंक खोटी. लिंक न उघडता हॉटेलला फोन लावा. आणि परदेशात कार्ड मशीनने ‘पौंडात द्यायचे का?’ विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा, कारण मशीनचा दर महाग पडतो. ही काही फसवणूक नव्हे, कायदेशीर कापाकापी आहे.

तिकीट खरं असेल तरी खरेदीची पावती ऑफलाइन जवळ ठेवा. २८ मे २०२२ ला पॅरिसमध्ये लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद यांची चॅम्पियन्स लीग फायनल ३६ मिनिटं उशिरा सुरू झाली. फ्रेंच मंत्र्यांनी ३०,००० ते ४०,००० लोक खोट्या तिकिटांवर किंवा तिकिटाविना आल्याचं सांगितलं. फाटकांवर सापडलेली खोटी तिकिटं मात्र सुमारे २,६०० होती, आणि युएफानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने मुख्य जबाबदारी युएफावरच टाकली. मधल्या काळात खरं तिकीट हातात धरून हजारो लोक बाहेर ताटकळले.

पैसे परत मिळतील का, हे कसे दिले त्यावर ठरतं, म्हणून ते आधीच ठरवा. ब्रिटिश क्रेडिट कार्डावर १०० पौंडांहून जास्त किमतीच्या वस्तूसाठी ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली बँकही जबाबदार असते; ३० पौंडांचं तिकीट त्यात बसत नाही, तिथं चार्जबॅक (बँकेमार्फत कार्डावरचा व्यवहार उलटवणं) मागायचा. पेपालवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ (ओळखीच्यांना पैसे) म्हणून पाठवलेल्या रकमेला खरेदीदाराचं संरक्षण नसतं, आणि चोर नेमका तोच पर्याय सुचवतो. बँक ट्रान्सफरचं लोकांना वाटतं की आता भरपाई मिळतेच. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनच्या हद्दीतल्या ट्रान्सफरना ती सक्तीची झाली खरी, पण बँकेला १०० पौंडांपर्यंत रक्कम कापून घ्यायची मुभा आहे. ३० पौंडांच्या तिकिटाला त्यात काय उरणार! बसचे, पॅकेजचे पैसे गेले असतील तर मात्र दावा जरूर करा. मुदत १३ महिन्यांची आहे.

फाटकावर लाल दिवा लागलाच, तर विकणाऱ्याला शिव्या देणारा मेसेज पाठवू नका. तो लगेच ब्लॉक करून सगळं पुसतो. आधी चॅट, त्याचा प्रोफाइल आणि पैसे गेलेल्या खात्याचं नाव यांचे स्क्रीनशॉट काढा. स्टुअर्डकडून ब्लॉक, रांग आणि सीट नंबर लिहून घ्या. मग त्याच रात्री बँकेला फोन करा, आणि सीट नंबर आपल्या क्लबच्या तिकीट ऑफिसला कळवा. ते तिकीट कुणाच्या खात्यावरून निघालं, हे तिथल्या संगणकावर दिसतं.