डीऑक्सिट डी५ कॉन्टॅक्ट स्प्रे: कोकणच्या हवेत वर्षभर वापरून

रत्नागिरीत घरीच भजनं रेकॉर्ड करतो. खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. पितळी जॅक बघता बघता काळे पडतात. आमच्याकडचे साउंडवाले ते सरळ पॉलिश पेपरने घासतात. त्या दिवशी आवाज स्वच्छ येतो, पण वरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या वेळी काळा थर आणखी लवकर धरतो. म्हणून हा स्प्रे, म्हणजे विजेच्या जोडांवरचा काळा थर काढणारं औषध, घेतला.

पैसे वसूल झाले ते पाव इंची जॅकवर. तानपुऱ्याच्या मशीनची पिन जरा हलली की चरचर व्हायची, ती गेली. आधी कापडावर आयसोप्रोपिल (लवकर उडून जाणारं अल्कोहोल) घेऊन पिन पुसायची, मग अगदी हलका फवारा, जॅक आठ-दहा वेळा आत-बाहेर, आणि पूर्ण वाळल्यावरच मशीन चालू. स्प्रे ज्वालाग्राही आहे, त्यामुळे देवघरातल्या समईपासून लांब! डब्यात खरं औषध ५ टक्केच, बाकी विद्रावक आणि गॅस, तरी तेवढं पुरतं.

खरी कमाल मिक्सरच्या इन्सर्ट सॉकेटमध्ये (चॅनेलच्या मध्ये बाहेरचं यंत्र जोडायची जागा) दिसली. त्यात काहीच लावलेलं नसतं तेव्हा सिग्नल आतल्या छोट्या पट्टीवरून जातो. ती पट्टी वर्षानुवर्षं न हलता काळवंडते आणि चॅनेल मध्येच बारीक होतं. लोक माइक बदलतात, केबल बदलतात. दोष तिथे नसतोच.

एक्सएलआरसाठी (माइकच्या तीन पिनांच्या जोडासाठी) मात्र मी हा स्प्रे क्वचितच काढतो. सोन्याचा मुलामा असलेल्या पिना सहसा गंजत नाहीत, नुसत्या आयसोप्रोपिलने भागतं. कंडेन्सर माइकची केबल काढण्याआधी ४८ व्होल्टचं फँटम (मिक्सरकडून त्याच केबलमधून माइकला मिळणारी वीज) बंद करून थोडं थांबावं. ते चालू असताना मळक्या कॉन्टॅक्टची खरखर जास्तच ऐकू येते, कारण तिथून डीसीही वाहत असतो.

आणि केबल मानेपाशी वाकवल्यावर आवाज तुटत असेल तर डबा खाली ठेवा. ते सोल्डरचं काम आहे. डायनॅमिक माइक (ज्याला फँटम लागत नाही) चालतो पण कंडेन्सर मुका राहतो, असं झालं तर मल्टीमीटरने आधी १ नंबरची पिन तपासा. फँटमचा परतीचा रस्ता तिच्यातूनच जातो. कितीही फवारलं तरी तुटलेली तार जोडली जात नाही.

रोज नव्या मंडपात केबली ओढणाऱ्यांना हा स्प्रे महाग वाटेल. त्यांनी आयसोप्रोपिलची बाटली आणि बरी सोल्डरिंग गन आधी घ्यावी.