किचनचा वजनकाटा, आठ महिने वापरल्यानंतर (कप आणि वाटीचे ग्रॅम करताना)

जानेवारीत सीताबर्डीवरून साधा डिजिटल काटा आणला, ५ किलोपर्यंतचा, १-१ ग्रॅम दाखवणारा. आता आठ महिने झाले, मे सोडून (४५ डिग्रीत ओव्हन कोण लावणार) आठवड्यातून दोनदा तरी वापरतेच, म्हटलं नीट लिहावं.

काहून घेतला तर माझा केक एकदा मऊ व्हायचा आणि एकदा कोरडा, वरून तडकलेला. रेसिपी तीच, कप तोच, ओव्हन तोच, काय चुकून राहिलं समजतच नव्हतं. काटा आला त्या दिवशी नुसता मैदाच मोजत बसले. २४० मिलीच्या कपात चमच्याने हलका भरून सुरीने सपाट केला तर १२२ ग्रॅम, आणि तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० च्या वर! दोन कपांच्या केकमध्ये जवळपास ६० ग्रॅम मैदा जास्त जात होता, म्हणजे अर्धा कप. कोरडा होणारच ना.

आणि कप म्हणजे तरी किती? अमेरिकन कप साधारण २३७ मिलीचा, आपल्याकडे सेट मिळतात ते कधी २४० चे कधी २५० चे. शिवाय एक कप म्हणजे इतके ग्रॅम असं सगळ्यांना एकच माप लावू नका, ही चूक मी खूप दिवस केली. मैदा १२०-१२५, पिठीसाखर साधारण १२०, साधी साखर २००, बटर २२७, मध तर ३४० च्या आसपास. हे कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलंय, रोज कामी येतं.

पण खरा फायदा झाला तो आईच्या नानकटाईत. तिचं माप वाटीचं, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, आणि वाटी तिच्या घरची, माझी वेगळी. मग तिची वाटीच घेऊन आले, काट्यावर ठेवून शून्य केलं आणि काठोकाठ पाणी भरलं, १६० ग्रॅम. पाण्याचा १ ग्रॅम म्हणजे १ मिली, त्यामुळे वाटी १६० मिलीची हे लगेच कळलं. मग तिलाच म्हटलं तू नेहमीसारखी भर, मी मधे बोलत नाही, आणि प्रत्येक वाटीचं वजन लिहून घेतलं. तुपाची गंमत तिथेच कळली. थंडीत तूप थिजलेलं असतं, वाटीत भरलं की मधे पोकळी राहते, उन्हाळ्यात पातळ तूप पूर्ण बसतं, १४५ ग्रॅम भरलं. आई म्हणायची उन्हाळ्यातली नानकटाई पसरते, मला वाटायचं नुसता उकाडा नडतो, पण तूपच जास्त पडत होतं. आता वजनाने घेते, थिजलेलं असो की पातळ.

आता काट्याच्या तक्रारी. सोडा, बेकिंग पावडर, वेलची यावर मोजू नका, १-२ ग्रॅम तो नीट पकडत नाही, हळूहळू टाकलं तर आकडा हलतच नाही. त्यासाठी ५ मिलीचा चमचा सपाट भरून घ्यायचा. वर पंखा सुरू असला की आकडे नाचतात. आणि मैदा चाळत बसलं तर मधेच बंद पडतो, पुन्हा सुरू केला की भांड्यासकट शून्य, आधीचं वजन गेलं. म्हणून रिकाम्या भांड्याचं वजन आधीच लिहून ठेवते.

अंड्यांसाठीही छान आहे. टरफल काढून एक साधारण ५० ग्रॅमचं, रेसिपी अर्धी करायची असेल तर फेटून २५ घ्यायचं. परवा संत्र्याच्या केकचा रसही भांडं शून्य करून थेट वजनाने ओतला, एक भांडं कमी घासावं लागलं. सेल एकदाच बदलले. कपांचा सेट आता पोह्याच्या डब्यात आहे, चमचे मात्र ओट्यावरच लागतात.